इब्न रुश्दच्या ग्रंथासोबत सात महिने

जानेवारीपासून रोज पहाटे तासभर मी बाराव्या शतकातील मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्दचा 'तहाफुत अल-तहाफुत' हा ग्रंथ, म्हणजे अल-गझाली या धर्मपंडिताने तत्त्वज्ञांवर केलेल्या टीकेला दिलेले उत्तर, सायमन व्हॅन डेन बर्ग यांच्या १९५४ सालच्या इंग्रजी अनुवादातून वाचते आहे. पहिला महिना जड गेला, कारण आरंभीच जग अनादी आहे की नाही याची प्रदीर्घ चर्चा येते आणि टिपा दुसऱ्या खंडात असल्याने सतत दोन्हीकडे पाने उलटावी लागतात.

गोडी लागली ती खजुरांपाशी. अल-गझालीचे म्हणणे असे की, भुकेल्या माणसापुढे अगदी सारखे दोन खजूर असले आणि त्याला एकच घेता येणार असला, तरी तो अडून न बसता एक उचलतोच. म्हणजे समान गोष्टींतून एक निवडणे इच्छेला जमते, आणि म्हणून ईश्वराने जग अमुकच क्षणी का निर्माण केले हा आक्षेप टिकत नाही. इब्न रुश्द उत्तर देतो की, निवड त्या दोन खजुरांमध्ये नसतेच, ती खजूर घेणे आणि न घेणे यांमध्ये असते. त्या दिवशी मी पुढे वाचलेच नाही.

सतराव्या चर्चेत गझाली म्हणतो की, आगीजवळ कापूस जळताना दिसतो, पण आगीमुळेच तो जळला हे आपण पाहिलेले नसते. त्यावर, कार्यकारणभाव नाकारणारा बुद्धीच नाकारतो, हे इब्न रुश्दचे उत्तर मला ग्रंथाचा कणा वाटते.

प्रतिपक्षाचा मजकूर सविस्तर देऊन मगच 'मी म्हणतो' अशी सुरुवात करण्याची त्याची रीत पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची ओळख असलेल्या वाचकाला जवळची वाटेल. इब्न सीना या आपल्या आधीच्या तत्त्वज्ञालाही तो सोडत नाही, हे मला अनपेक्षित होते. मात्र ऐन मोक्याच्या ठिकाणी 'याची सिद्धता इथे देण्याजोगी नाही' असे म्हणून तो थांबतो, तेव्हा खरोखर चुटपुट लागते.

युरोपात त्याचा दबदबा निर्माण झाला तो मुख्यतः ॲरिस्टॉटलवरील भाष्यांमुळे. ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस त्याला नुसते 'भाष्यकार' म्हणे, तरी १२७० साली बुद्धीच्या एकत्वावरून, म्हणजे सर्व माणसांची बुद्धी एकच आहे या मतावरून, त्याच्या अनुयायांशी वादही घाली. स्वतः इब्न रुश्दला ११९५ मध्ये कोर्दोबाजवळच्या लुसेनात हद्दपार व्हावे लागले होते, आणि ११९८ मध्ये तो माराकेशला वारला.

नव्या वाचकाने सतराव्या चर्चेपासून आरंभ करावा आणि हाताशी पेन्सिल ठेवावी. मी आता पुन्हा पहिल्या चर्चेकडे वळले आहे, आणि या खेपेस गझालीचा प्रत्येक परिच्छेद, उत्तराकडे न पाहता, दोनदा वाचते.