कार्ड असूनही प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालू ठेवलं: आठ महिन्यांचा अनुभव

ग्राफिक्स कार्ड बसवलं की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मीही बघत नव्हतो. माझ्याकडे इंटेलचा आय७-१२७०० आणि एनव्हिडियाचं ८ जीबी मेमरीचं आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड आहे. काम मुख्यतः व्हिडिओ एडिटिंगचं, अधूनमधून ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर. आठ महिन्यांपासून दोन्ही ग्राफिक्स एकत्र वापरतोय.

आधी एक गैरसमज दूर करतो. दोन्ही चालू केली म्हणून गेमचे फ्रेम वाढत नाहीत. दोघांची ताकद आपोआप एकत्र होत नाही, फक्त कामाची वाटणी होते. पण ती वाटणी नीट जमली तर फरक रोजच्या रोज जाणवतो.

मला तो सगळ्यात जास्त जाणवला एडिटिंगमध्ये. माझा कॅमेरा १० बिट ४:२:२ एचईव्हीसीमध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, शूट करतो. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये या फॉरमॅटचं हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम खास चिपवर होणं) २०२५ च्या ५० सिरीजपासून आलं. माझ्या कार्डात ते नाही. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडायचा आणि टाइमलाइनवर नुसतं पुढे-मागे केलं तरी चित्र अडकायचं. इंटेलच्या क्विक सिंकला, म्हणजे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या व्हिडिओ भागाला, हा फॉरमॅट समजतो. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डीकोडिंगसाठी ते निवडलं आणि त्याच क्लिप सरळ चालायला लागल्या. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर इंटेलच्या आलेखात ‘व्हिडिओ डीकोड’ वर चढलेलं आणि कलर, इफेक्ट्सचं काम एनव्हिडियाकडे. ते दोन आलेख एकाच वेळी हलताना बघून खरंच समाधान वाटलं. नवं काहीच विकत घेतलं नव्हतं.

दुसरा फायदा कार्डाच्या मेमरीचा. बाजूचा मॉनिटर मी मदरबोर्डच्या पोर्टला जोडलाय, मुख्य मॉनिटर कार्डला. सुरुवातीला वाटलं, केबल बदलली म्हणजे काम झालं. तसं नसतं. ब्राउझर बाजूच्या स्क्रीनवर ओढला तरी तो कार्डावरच चालत राहतो आणि तयार चित्र पलीकडे कॉपी होतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स या भागात जाऊन ब्राउझरला ‘पॉवर सेव्हिंग’ निवडावं लागतं, तेव्हा तो खऱ्या अर्थाने इंटेलवर जातो. हे केल्यावर ब्लेंडरमध्ये मोठा सीन रेंडर होत असतानाही शेजारी व्हिडिओ न अडखळता चालतो. ८ जीबीत जड सीन बसवताना ब्राउझरने अडवलेली मेमरी मोकळी होणं ही छोटी गोष्ट नाही.

त्रासही झाला. खिडकी एका स्क्रीनवरून दुसरीकडे नेताना किंचित झटका बसतो, तो आजही आहे. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं, त्यामुळे १६ जीबी अपुरी पडायला लागली आणि मी ३२ केली. सर्वात जास्त डोकं खाल्लं ते बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने. अपडेटनंतर दुसरा मॉनिटर काळा. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, संध्याकाळ त्यातच गेली. शेवटी कळलं की अपडेटने ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ हे आतलं ग्राफिक्स चालू ठेवणारं सेटिंग मूळपदावर नेलं होतं, म्हणजे बंद. कार्ड लावलं की बऱ्याच मदरबोर्डवर आतलं ग्राफिक्स असंच आपोआप बंद होतं, म्हणून बायोसमध्ये शिरून आधी तेच तपासा.

आणि गेमिंगचा मॉनिटर चुकूनही मदरबोर्डला जोडू नका. गेम कार्डावर चालेल, पण प्रत्येक फ्रेम आतल्या ग्राफिक्समार्फत बाहेर पडेल आणि वेग घटेल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये २०१० च्या एनव्हिडियाच्या ऑप्टिमस तंत्रापासून हाच मार्ग आहे. तिथे बॅटरी वाचते म्हणून ते पटतं, आणि मक्स स्विच (स्क्रीन थेट कार्डला जोडणारा) असेल तर हा वळसा टाळताही येतो.

नवा प्रोसेसर घेणार असाल तर नावाच्या शेवटचं अक्षर बघा. इंटेलच्या ‘एफ’ मॉडेलमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. मी एडिटिंग करतो, त्यामुळे पुढच्या वेळीही थोडे जास्त पैसे देऊन ‘एफ’ नसलेलाच घेईन.