एमजीबीचा कॅम्बर "करेक्ट" करून देणाऱ्यांपासून सांभाळा

इकडे यूकेत आपली बरीच मंडळी हौसेने जुन्या गाड्या घ्यायला लागलीयेत म्हणून लिहितोय. माझी एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १९७२ ची, डावीकडे ओढत होती. जवळच्या एका गॅरेजला दाखवली (नाव देत नाही, भांडण चालू आहे), तर म्हणे स्पोर्ट्स कार आहे साहेब, लेझर अलाइनमेंटच (चाकांचे कोन मोजून जुळवणं) लागणार, कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती झुकलंय), कॅस्टर (बाजूने पाहिलं तर चाक वळण्याचा अक्ष किती मागे झुकलाय) सगळं आउट आहे आणि खालच्या विशबोनचे (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) रबरी बुशही गेलेत. संध्याकाळी बिल ४६० पाउंड, सोबत रंगीत प्रिंटआउट, आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे. एकदम झकास.

आता गंमत बघा. एमजीबीला पुढचा कॅम्बर-कॅस्टर ॲडजस्ट करायची सोयच नाहीये. फॅक्टरीतून साधारण १ डिग्री पॉझिटिव्ह कॅम्बर आणि ७ डिग्री कॅस्टर येतो, बदलायचाच तर वेगळे पार्ट घालावे लागतात. मागे तर लीफ स्प्रिंगवर बसवलेला सरळसोट लाइव्ह ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच कडक आडव्या ॲक्सलवर), आणि प्रिंटवर काय, तर मागच्या डाव्या चाकाचा कॅम्बर पाऊण डिग्रीने सुधारला! ॲक्सल वाकवला का काय यांनी? या गाडीत पान्याने बदलता येतो तो फक्त पुढचा टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत), १/१६ ते ३/३२ इंच, बास.

मग गाडीखाली शिरलो. ट्रॅक रॉडचा (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) लॉकनट सैल केल्याशिवाय टो हलत नाही, आणि त्या नटवर जुनं अंडरसील (गंज रोखायला गाडीखाली मारतात तो लेप) नि चिखल जसाच्या तसा, आट्यांवर गंज, पान्याचा साधा ओरखडा नाही. बुश पण तेच, चिरा गेलेले, वरून काळा स्प्रे मारलेला, बोट लावलं तर बोट काळं. वर ४० वर्षांपुढच्या बहुतेक गाड्यांना इथे एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) सक्तीची नाही, त्यामुळे तिसरं कुणी खाली डोकावतच नाही आणि असल्या लोकांचं फावतं.

ओढण्याचं कारण टायर निघालं, पुढच्या दोन टायरांची डावी-उजवी अदलाबदल केली तर गाडी उजवीकडे ओढायला लागली, फुकटातली टेस्ट. अलाइनमेंटला नेण्याआधी किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती उभी पिन) पण बघाच, चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून परत हलवा, तरी प्ले (ढिलेपणा) राहिला तर तो बेअरिंगचा नाही, किंगपिन किंवा ट्रनियनचा (किंगपिनच्या टोकाचा सांधा), आणि ते झिजलेले असतील तर कितीही लेझर मारा, काही उपयोग नाही. गाडी देताना लॉकनटवर पेंटचा ठिपका देऊन फोटो काढून ठेवा, जुने पार्ट परत हवेत असं आधीच सांगा, आणि पैसे क्रेडिट कार्डनेच द्या, १०० पाउंडांच्या वरच्या कामाला सेक्शन ७५ (इथल्या ग्राहक-कर्ज कायद्याचं कलम) खाली बँकेकडे क्लेम करता येतो. मी केलाय.

गॅरेजवाला अजून म्हणतो की मशीन खोटं बोलत नाही. त्याला ईमेल टाकलाय, मागचा कॅम्बर नक्की कुठला बोल्ट फिरवून बदलला तेवढं सांग. अजून उत्तर नाही.