तीन सप्तकांची पेटी की साडेतीन?

आमच्या भजनी मंडळाच्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता गेल्या पावसाळ्यात फाटला, चार सूर मुके झाले. वर्गणी जमली, पण त्याबरोबर तीन तटही पडले. बुवांना पूर्वीसारखी तीन सप्तकांची (एक सप्तक म्हणजे सा ते नी) हवी, महिला मंडळाच्या काकूंना साडेतीनची, आणि पुण्याच्या जावईबापूंचं मत, "आता घेताय तर स्केल चेंजरच, सरकत्या फळीची पेटी, घ्या." बेळगाव, खानापूर, निपाणीकडं असा वाद बऱ्याच देवळांत चालू असणार, म्हणून आम्ही काय बघितलं ते सांगतो.

दुकानात जाण्याआधी गळे बघा. पेटीच्या ज्या पट्टीवर (बोटानं दाबायच्या) सा धरायचा, तीच गाणाऱ्याची पट्टी: काळी १ म्हणजे सप्तकातली पहिली काळी, पांढरी ४ म्हणजे चौथी पांढरी. पुरुष बहुतेक काळी १ ते काळी २ मध्ये गातात, बायका काळी ४ ते काळी ५ मध्ये. काळी १ चा पुरुषी सा सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा आणि काळी ४ चा बायकी सा २०८ चा. म्हणजे बुवांचा पंचम (प) तोच काकूंचा षड्ज (सा). मिरजेचे कारागीर तंबोरेसुद्धा म्हणूनच दोन मापांचे करतात, पुरुषांसाठी मोठा आणि बायकांसाठी लहान. अर्थात गळा नियम पाळतोच असं नाही. हुबळीच्या गंगूबाई हनगलांचा बारीक आवाज घशाच्या उपचारानंतर खाली उतरला, आणि तोच आवाज पुढं त्यांची ओळख झाला.

आता पट्ट्या मोजू. तीन सप्तकांच्या पेटीत ३७ पट्ट्या असतात, पांढरी १ ते पांढरी १ धरून. काळी १ मधले बुवा मधल्या सप्तकात सा धरतात. त्यांना खाली पूर्ण मंद्र (खालचं सप्तक) मिळतं, वर तार निषादापर्यंत (वरच्या सप्तकातल्या नी पर्यंत) जागा राहते. एवढ्या वर कुठल्या अभंगाची चाल जाते? बुवांचा हट्ट त्यांच्यापुरता अगदी बरोबर आहे.

अडतं ते काकूंचं. काळी ४ ला मधल्या सप्तकात सा धरला तर ही पेटी तार गंधारावर संपते. काळी ५ ला तर तार रिषभावरच! चाल मध्यमाला भिडली की बोटाखाली लाकूड लागतं. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या असतात. तिथं काळी ४ ला तार धैवतापर्यंत आणि काळी ५ ला तार पंचमापर्यंत वाट मोकळी. पाचच पट्ट्यांचा फरक, पण तो सगळा बायकांच्या वाट्याचा आहे. पहिल्या सप्तकात सा धरून वेळ मारून नेता येते, वाजवणारे तसं करतातही. पण मग पेटी गळ्याच्या खाली गुरगुरत राहते.

"दोघांनी मिळून पांढरी ४ धरावी" हा तोडगा एकादशीला आम्ही करून पाहिला. तार गंधार आला की पुरुषांना ४४० कंपनं गाठावी लागतात. आमचे बुवा तिथं गात नाहीत, हाका मारतात. बायकांना उलट मंद्र पंचम लागतच नाही. टाळांच्या गजरात खपून गेलं, एवढंच.

स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची अख्खी फळी सुरांवरून, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पात्यांवरून, सरकते. बोटं एकाच जागी ठेवून गाण्याची पट्टी बदलता येते. वाजवणाऱ्याला एकाच पट्टीची बोटं येत असतील आणि गाणारे तासातासाला बदलत असतील, तर ही सोय खरी आहे. पण ही पेटी महाग आणि जड. जितके सांधे जास्त, तितकी ओल शिरायला जागा जास्त. खानापूरच्या बाजूला चार महिने लाकूड फुगलेलं असतं, तिथं सरकणारी फळी अडकली की दुरुस्त करणारा माणूस जवळ आहे का, हे आधी विचारा. शिवाय ज्या बेळगावात कागवाडच्या रामभाऊ विजापुऱ्यांनी पिढ्यान्‌ पिढ्या पेटी शिकवली, तिथल्या पोरांनी सगळ्या पट्ट्यांची बोटं बसवून घ्यावीत, असं आपलं माझं मत. जावईबापू रागावले तर रागावोत.

एका पट्टीला पात्यांचे दोन सूर मिळून वाजतात, त्या जोडीचं थोडक्यात. सुरांचे प्रकार तीन: खर्ज, नर, मादी. खर्ज हा नराच्या एक सप्तक खाली वाजतो आणि मादी एक सप्तक वर. पुरुषांच्या भजनाला खर्ज-नर जोड भरीव लागते. नर-मादी उजळ असते, पण पखवाजाशेजारी किरटी वाटते.

आम्ही साधी, ४२ पट्ट्यांची, खर्ज-नर जोडीची पेटी ठरवलीय. फक्त पुरुषांचं मंडळ असतं तर ३७ पट्ट्यांची घेऊन उरलेल्या पैशात टाळ घेतले असते. दुकानात मात्र बुवांना एकट्याला पाठवणार नाही. सगळ्यात चढा गळा असलेल्या काकूंना बरोबर नेणार, त्यांना नेहमीच्या पट्टीत सगळ्यात वर जाणारी ओळ म्हणायला लावणार आणि शेवटच्या सुराच्या पुढं किती पट्ट्या उरतात ते मोजणार. दोन तरी उरल्या पाहिजेत, कारण रंगात आल्या की काकू तेवढ्या हमखास वर जातात.