घरपोच रक्तनमुना सेवा : प्रयोगशाळा चोख, दारात येणारा माणूस अनभिज्ञ

बाबांच्या रक्तातील व्होरिकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाची पातळी तपासण्यासाठी गेल्या तीन महिन्यांत पुण्यातील एका खासगी लॅबची घरपोच सेवा आम्ही चार वेळा घेतली. साखर किंवा थायरॉइड तपासून घेणाऱ्यांना ही सेवा उत्तमच वाटेल, मात्र आमची गरज वेगळी होती.

बाबांचे किडनी ट्रान्सप्लांट दोन वर्षांपूर्वी झाले. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून त्यांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडे स्टेरॉइड चालू आहे, आणि प्रतिकारशक्ती दबते ती याच औषधांनी. शेजारच्या जुन्या इमारतीची पाडापाडी सुरू होती. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे बीजाणू अशा धुळीबरोबर उडतात. ते आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो, पण धडधाकट माणसाच्या फुप्फुसातील पेशी त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात. बाबांची तक्रार कोरडा खोकला आणि संध्याकाळची कसकस एवढीच होती. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात गाठ आणि तिच्याभोवती धूसर वलय दिसले, आणि ब्रॉन्कोस्कोपीतून (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) घेतलेल्या द्रवाची गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे अ‍ॅस्परजिलसच्या आवरणातला घटक शोधणारी, तपासणी पॉझिटिव्ह आली. (‘काळी बुरशी का हो?’ असे जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाने विचारले; २०२१ने ती धास्ती घरोघरी पोहोचवली आहे. ती म्युकर नावाची वेगळी बुरशी. व्होरिकोनॅझोल तिच्यावर चालत नाही, म्हणूनच बुरशी नेमकी कोणती हे आधी ठरवावे लागते.)

व्होरिकोनॅझोल कोणाच्या यकृतात झटपट संपते, तर कोणाच्या रक्तात साचून राहते. पातळी मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या खाली गेली तर औषध अपुरे पडते आणि साडेपाचच्या वर गेली तर यकृतावर ताण येण्याची, भास होण्याची शक्यता वाढते. शिवाय ते टॅक्रोलिमसची पातळी एवढी चढवते की बाबांचा टॅक्रोलिमसचा डोस सुरुवातीलाच एक तृतीयांशावर आणला गेला. ही दोन्ही औषधे मोजायची तर रक्त पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधी काढावे लागते.

आमची पहिली वेळ सकाळी साडेसहा ते साडेसातची होती. आठ वाजले तरी कोणी आले नाही. बाबा घड्याळाचे पक्के, त्यांनी ठरल्या वेळी २०० मिलिग्रॅमची गोळी घेतली. लॅबचा मुलगा आला नऊला दहा मिनिटे असताना. गोळी घेऊन झाल्याचे मी सांगितले, तर ‘काका उपाशी आहेत ना, मग काही फरक पडत नाही,’ असे म्हणून त्याने रक्त काढलेही. हात मात्र हलका होता. बाबांच्या सुया टोचून टोचून चिवट झालेल्या शिरेत त्याला पहिल्याच प्रयत्नात रक्त मिळाले.

तिसऱ्या दिवशी आलेला आकडा होता ७.१. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो रक्त किती वाजता काढले हा. गोळीनंतर तास-दोन तासांत औषध रक्तात शिखरावर असते, त्यामुळे त्या आकड्याला काहीच अर्थ नव्हता; त्यावर विसंबून डोस कमी केला असता तर बुरशीला मोकळे रान मिळाले असते. लॅबच्या फॉर्मवर शेवटच्या डोसची वेळ लिहायला रकानाच नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. मशीन कितीही अचूक असले तरी चुकीच्या वेळी काढलेले रक्त ते बिचारे कसे ओळखणार? ग्राहक सेवेने आधी हात झटकले, नंतर फेरतपासणी निम्म्या दरात करून दिली.

त्या वेळी आलेल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई सात वीसला दारात होत्या. आत येताच त्यांनी ‘रात्रीची गोळी किती वाजता घेतलीत?’ असे विचारले आणि टॅक्रोलिमससाठीच्या जांभळ्या टोपीच्या नळीवरही पेनाने वेळ लिहिली. पातळी ३.४ आली. पुढचे दोन्ही रिपोर्टही वेळेत आणि स्पष्ट आले, ताजा आकडा जुन्या आकड्याशेजारी छापलेला असल्याने डॉक्टरांना तुलना सोपी गेली.

सेवा आम्ही सोडलेली नाही, कारण गर्दीच्या लॅबमध्ये खोकणाऱ्यांच्या रांगेत बाबांना बसवणे हा पर्यायच नाही. पाचवी तपासणी येत्या मंगळवारी आहे. बुकिंग करताना त्याच बाईंना पाठवण्याची विनंती केली आहे, आणि त्या सकाळी गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात असेल.