केमनचं इंजिन, चार भोकांचा फोटो आणि माझे 4,35,500 रुपये

4,35,500 रुपये. आकडा आधीच सांगतो, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात आणि दुसरा असतो, "तुमच्यासारख्या माणसाला कसं काय फसवलं?" कसं फसवलं ते सगळं लिहितो. नागपुरात जुनी स्पोर्ट्‌स कार बाळगणारा माणूस या जाळ्यात सहज सापडतो आणि तो गॅरेजवाला आजही काम घेतोय.

गाडी पोर्शे केमन एस, 2007 ची. 3.4 लिटरचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, सीटच्या मागे बसवलेलं. पुण्याहून सेकंडहँड घेतली होती, 19,50,000 ला. नवी क्रेटा घेतात तेवढ्याच पैशात, म्हणून कृपा करून "श्रीमंतांचे चोचले" म्हणू नका. एप्रिलच्या उन्हात समृद्धीवर टेम्परेचरचा काटा चढला, दिवा लागला. मी तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि फ्लॅटबेडवर घरी आणली. यात माझं काहीही चुकलं नाही. इन्शुरन्सवाल्यांनी मेकॅनिकल ब्रेकडाउन म्हणून हात वर केले. पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं, तो विषय संपला.

आमच्याकडे अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. ओळखीच्या टायरवाल्याने रिंग रोडला लागून असलेल्या एका "इंजिन स्पेशालिस्ट"चा नंबर दिला. आवारात एक ऑडी, एक बीएमडब्ल्यू उभी होती, पोरं चटचट कामं करत होती. कोणालाही विश्वास बसला असता. त्या दोन्ही गाड्यांच्या चाकांत हवा नव्हती आणि काचांवर बोटभर धूळ होती, हे आता आठवतं. कोणत्याही गॅरेजात अशा उभ्या गाड्या दिसल्या तर त्यांच्या मालकांचे नंबर मागा. देत नसेल तर निघा.

त्याने इंजिन मिनिटभर चालू केलं, कान लावला आणि म्हणाला, "भाऊ, बोर गेला. ऐकू येऊन राहिलं ना टिकटिक? या गाडीचा हाच रोग असते."

मला फसवलं ते इथे. रोग खरा आहे. बोर म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, जिच्यात पिस्टन फिरतो. या इंजिनाच्या सिलिंडरला आतून लोखंडी अस्तर (लाइनर) नसतं. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्येच सिलिकॉन बसवलेला थर असतो, त्याला लोकासिल म्हणतात. तो खरवडला गेला की उभे चरे पडतात, इंजिन टिकटिकतं, ऑइल पितं, एका बाजूच्या सायलेन्सरचं तोंड काजळीने काळं होतं. जगभरातल्या मालकांना हे माहीत आहे, मलाही होतं. गाडीबद्दल वाचून असणाऱ्या माणसाला जी भीती आधीच असते, तिच्यावरच त्याने बोट ठेवलं. मला काही कळत नसतं तर मी आणखी दोन ठिकाणी विचारलं असतं.

"इंजिन उतरवल्याशिवाय काही दिसत नाही," म्हणाला. उतरवायचे आणि खोलायचे 35,000, यूपीआयने. हे साफ खोटं होतं. लिफ्टवर गाडी घेऊन खालून स्पार्क प्लग काढता येतात आणि त्याच भोकातून बोरोस्कोपचा कॅमेरा आत घालून सिलिंडरची भिंत पाहता येते. इंजिन हलवायचीही गरज नसते. ज्याच्याकडे बोरोस्कोप नाही त्याने बोर गेला म्हणायचं नाही, आणि आपण ऐकायचं नाही.

मग व्हॉट्सॲपवर फोटो आला. हेड काढलेला ब्लॉक, एका सिलिंडरच्या भिंतीवर नखाने ओरबाडल्यासारखे उभे चरे आणि त्यांच्याभोवती लाल गोल काढलेला. खाली मेसेज: "पाहा भाऊ, सांगितलं होतं." मी ऑफिसात होतो, समोर माणसं बसलेली होती. लाल गोल काढलेला असला की नजर तिथेच जाते, तो काढतातच त्यासाठी. मी चरे पाहिले, पोटात गोळा आला आणि "करा काम" असं टाइप केलं.

त्या फोटोत एका रांगेत चार भोकं आहेत. तीन पूर्ण दिसतात आणि उजव्या कडेला चौथ्याची अर्धी कड. माझ्या बॉक्सर इंजिनात सहा सिलिंडर समोरासमोर आडवे असतात, एका बाजूला तीन. चौथं असूच शकत नाही. फोटो कुठल्यातरी साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा होता. हे इंजिन कसं बनलंय ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, आणि तो फोटो कितीतरी दिवस माझ्या फोनमध्ये होता. बायकोला दाखवला, भावाला दाखवला. ती कड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण घाबरलेला माणूस भोकं मोजत बसत नाही. डॉक्टरने एक्स-रे दाखवला तर आपण बरगड्या मोजतो का?

म्हणून सांगतो, फोटो घेऊ नका. व्हिडिओ मागा, न तोडता, आधी तुमची नंबर प्लेट, मग क्रँककेसच्या (इंजिनाच्या मुख्य धडाच्या) खालच्या बाजूला कोरलेला इंजिन नंबर आणि मग सिलिंडर. आरसी बुकावरच्या नंबराशी तो जुळला पाहिजे.

पुढे पैसे असे गेले. पिस्टन आणि स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) "जर्मनीहून" म्हणून 2,40,000, त्याच्या मेव्हण्याच्या खात्यात, "माझ्या खात्याचं लिमिट संपलं" म्हणून. लेथ आणि फिटिंगचे 68,500. शेवटी "माल कस्टममध्ये अडकला" म्हणून 92,000 रोख. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा कागद, मागितलं तर म्हणे एजंटकडे आहे. परदेशातून माल खरंच आला असेल तर बिल ऑफ एंट्री असतंच, कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर असतोच. दुसऱ्याच्या खात्यात पैसे मागितले की तिथेच थांबा, मग समोरचा कितीही गोड बोलो.

गॅरेजात गेलो की गाडी ताडपत्रीखाली. "धूळ बसते भाऊ, इंजिन उघडं आहे. काहून टेन्शन घेऊन राहिले तुम्ही?" पावसाळा लागला तेव्हा गाडी मिळाली. आवाज नव्हता, थंड चालत होती. बिलावर जीएसटी नंबर होता, 27 ने सुरू होणारा, पंधरा अक्षरी, अगदी बरोबर दिसणारा. तो नंतर जीएसटी पोर्टलवर टाकला तर एका कापड दुकानाचा निघाला. पैसे देण्याआधी हा नंबर टाकून पाहायला मिनिट लागतं, फुकट आहे, पाहा.

थोड्याच दिवसांत वर्धा रोडवर काटा पुन्हा वर. या वेळी कोणाचं ऐकलं नाही. 38,000 भाडं देऊन गाडी सातशे किलोमीटरवर पुण्याला पाठवली. तिथला मेकॅनिक फक्त याच बनावटीच्या गाड्या करतो. त्याच्याकडून दुरुस्ती करून घेतलेल्या मालकांशी मी आधी फोनवर बोललो होतो. त्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि मला व्हिडिओ कॉल लावला. इंजिन माउंटच्या, म्हणजे इंजिन गाडीला जिथे धरलेलं असतं तिथल्या, बोल्टांवर वर्षानुवर्षांचा चिखल-तेलाचा थर जसाच्या तसा. पाना कधी लागलाच नव्हता. इंजिन उतरलंच नव्हतं. बोरोस्कोपने सहाही सिलिंडर दाखवले, चरा नाही. पुढच्या बंपरमागचे रेडिएटर सुक्या पानांनी गच्च भरलेले, कूलंटच्या टाकीला केसाएवढी चीर आणि वॉटर पंपाची पाती तुटलेली. एवढाच आजार. टिकटिक दाबायला ऑइल 0डब्ल्यू-40 च्या जागी जाड 20डब्ल्यू-50 भरलेलं. सगळं नीट करायला 1,18,400 लागले.

त्याहून वाईट गोष्ट त्याने नंतर दाखवली. दोन्ही बाजूंचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातले धूर स्वच्छ करणारे डबे) ग्राइंडरने कापून काढलेले आणि तिथे साधा पाइप वेल्ड केलेला. आत प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असतं, भंगारात त्यालाच भाव. इंजिन लाइट लागू नये म्हणून सेन्सरखाली अडॉप्टर लावलेला. पैसे घेतलेच, वर माझ्या गाडीचे पार्ट विकले! गाडी सोडताना खाली झोपून दोन्ही पाइपांचे फोटो काढून ठेवा, परत घेताना पुन्हा काढा.

आता पोलिसांचं. आमच्या भागातल्या ठाण्यात पुण्याच्या मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट, बँक स्टेटमेंट, फोटो, सगळं घेऊन गेलो. पहिला प्रश्न: "गाडी भेटली ना तुम्हाले? चालते ना?" दुसरा: "केवढ्याची आहे?" किंमत ऐकल्यावर एकमेकांकडे पाहून हसले. मग ठरलेलं वाक्य, "हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." कापलेल्या पाइपाचा फोटो समोर ठेवला, तर म्हणे भंगार कोणी काढलं कशावरून? विश्वासाने सोपवलेल्या गाडीतून पार्ट काढून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, विश्वासघाताला 316. साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. पुढच्या वेळी "साहेब बंदोबस्तात". त्याच्या पुढच्या वेळी अर्ज सापडेना आणि मलाच पोच दाखवायला लावली. गॅरेजवाल्याला मात्र फोन करून बोलावलं, त्याने खुर्चीत बसून चहा घेतला आणि मला समजावलं, "भाऊ, जुनी गाडी आहे, असं होते." टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने मान डोलावली. कर भरणारा माणूस तिथे उभा आणि चोर बसलेला, हे मी स्वतः पाहिलं.

एफआयआर घेत नसतील तर भांडण्यात वेळ घालवू नका. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173(4) खाली वरिष्ठ अधिकाऱ्याला टपालाने लेखी तक्रार पाठवा, तरीही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. मी पाठवली आहे. ग्राहक आयोगातही केस टाकली. जिल्हा आयोगात 50 लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार चालते, पाच लाखांच्या आत फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. वकील म्हणाला, रोख दिलेल्या 92,000 चं काय सांगणार? म्हणून रोख देऊ नका, काहीही झालं तरी.

गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने गेलो तर बोर्ड बदललेला. आता "लक्झरी कार एसी आणि इंजिन वर्क्स". माणूस तोच, ती ऑडी अजून उभीच, आणि ताडपत्रीखाली नवी गाडी, मागचं एमएच-49 तेवढं दिसत होतं. ती तुमची असेल तर आजच जा, ताडपत्री काढायला लावा आणि इंजिन माउंटच्या बोल्टांचा फोटो काढा.