‘सेन्सरशी संपर्क नाही’ : आठ महिने स्कॅनर वापरल्यावर

गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा हा स्कॅनर घेऊन आता आठ महिने होतील. इंजिनाचा दिवा लागला की कोड वाचणारं एक छोटं ब्लूटूथ यंत्र माझ्याकडे आधीपासून होतं. पण गाडीचा चोरीचा अलार्म बिघडला तेव्हा ते ‘एकही कोड नाही’ एवढंच सांगत राहिलं. त्याच्या परीनं ते बरोबरच होतं. इंजिन आणि धुराशी संबंधित कोड सगळ्या गाड्यांनी एकाच पद्धतीनं दाखवावेत असा नियम अमेरिकेत १९९६ पासून आला आणि साधी यंत्रं तेवढंच वाचतात. दारं, काचा, दिवे आणि अलार्म सांभाळणाऱ्या बॉडी मॉड्यूलचं, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाचं, बोलणं कंपनीगणिक वेगळं असतं. म्हणून सगळ्या मॉड्यूलपर्यंत पोहोचणारा, स्वतःचा पडदा असलेला हा स्कॅनर घेतला.

तक्रार अशी होती. गाडी लॉक केल्यावर दारावरचा लाल दिवा लुकलुकायच्या ऐवजी सलग पेटून राहायचा. मग एका आठवड्यात दोनदा, मध्यरात्रीनंतर, गाडीला कोणी हात न लावता सायरन वाजला. शेजाऱ्यांच्या झोपेचं मला खरंच वाईट वाटलं. गॅरेजमध्ये त्यांनी मशीन लावलं आणि कोड वाचून सांगितलं, “ताई, आतला सेन्सर गेलाय. बदलून टाकू.” कोडमध्ये लिहिलं होतं: केबिनमधल्या हालचालीचा सेन्सर, संपर्क नाही.

बहुतेक जण इथे फसतात, म्हणून थोडं थांबून सांगते. ‘संपर्क नाही’ हे वाक्य सेन्सरचं नसतं, बॉडी मॉड्यूलचं असतं. त्यानं हाक मारली, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, एवढीच त्याची नोंद. उत्तर देणारा मेलाय, वाटेतली वायर तुटलीय, की तिसराच कोणी मध्ये गोंधळ घालतोय, हे त्या कोडला कळत नाही.

सेन्सर छतावरच्या दिव्याजवळ बसवलेला असतो. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज तो सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीत फरक पडला की आत कोणीतरी आहे असं समजतो. माझ्या गाडीत हा सेन्सर, गाडी तिरकी झाल्याचं ओळखणारा दुसरा सेन्सर आणि सायरन हे तिघंही एकाच वायरवर बॉडी मॉड्यूलशी बोलतात. या पद्धतीला लिन म्हणतात. वायर एकच, दाब बॅटरीइतका म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास, वेग जास्तीत जास्त सेकंदाला २० किलोबिट. मॉड्यूल मालक, बाकीचे त्यानं विचारल्यावरच बोलणारे. स्वस्त आणि पुरेशी व्यवस्था आहे, पण तिच्यात एकानं वायर जमिनीकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढून धरली की सगळ्यांचंच बोलणं बंद पडतं.

स्कॅनरनं पहिल्याच दिवशी माझे पैसे वसूल केले, ते दोन पडद्यांवर. पहिल्या पडद्यावर कोडसोबत त्याची हकिगत होती: तो कितीदा आला, केव्हा, किती किलोमीटरवर, तेव्हा बॅटरीचा दाब किती होता, आत्ता आहे की येऊन-जाऊन आहे. सेन्सरचा कोड ‘येऊन-जाऊन’ होता आणि त्याच्याखाली, गॅरेजच्या कागदावर नसलेले, सायरन आणि तिरकेपणाच्या सेन्सरचेही कोड होते. दुसऱ्या पडद्यावर अलार्म वाजण्याच्या शेवटच्या चार कारणांची यादी होती. एका नोंदीत बॉनेट, बाकीच्यांत दार. माझ्या त्या दोन रात्रींची नोंदच नव्हती. म्हणजे मॉड्यूलनं सायरनला वाज असं सांगितलंच नव्हतं. सायरन आपणहून वाजला होता.

सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, चोरानं मुख्य बॅटरीची वायर कापली तरी तो वाजावा म्हणून. ही बॅटरी जुनी झाली की पाझरते. हे मला वाचून माहीत होतं, पण बघितलं नव्हतं.

इथून पुढे स्कॅनर बाजूला ठेवून व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर घ्यावा लागला. इग्निशन चालू, काळी पिन गाडीच्या धातूला, लाल पिन छतावरच्या कनेक्टरच्या मागून लिनच्या वायरला. बोलणं चालू असेल तर मीटरवर बॅटरीपेक्षा कमी आणि सतत हलणारा आकडा दिसायला हवा, कारण मीटर वर-खाली होणाऱ्या दाबाची सरासरी दाखवतो. सलग बॅटरीइतका आकडा दिसला तर वायर ठीक, पण कोणी बोलत नाही. मला दिसला १.३. तोही स्थिर. म्हणजे वायर कुठेतरी खाली दाबली गेलेली.

मग एकेक कनेक्टर काढायला घेतला. आतला सेन्सर काढला, आकडा तसाच. तिरकेपणाचा सेन्सर काढला, तसाच. पुढच्या चाकावरचं प्लास्टिक सोडवून सायरनचा कनेक्टर ओढला आणि आत मीटर बघत बसलेल्या धाकट्या भावानं हाक मारली, “ताई, नऊवर गेला. हलतोय!” दोन्ही सेन्सर परत जोडले, कोड पुसले, पुन्हा स्कॅन केला. सेन्सरचा कोड नाही, तिरकेपणाचा नाही, फक्त सायरन गैरहजर. ज्याला बदलायला निघाले होते तो छतावरचा सेन्सर ठणठणीत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची वेळ थोडक्यात टळली.

सायरनचा कनेक्टर काढताना गाडी अनलॉक आणि इग्निशन चालू असू द्या. नाहीतर त्याला वाटतं वायर कापली आणि तो हातात असतानाच कानठळ्या बसवतो.

सायरन उघडून बघितला. बॅटरीच्या एका टोकाला पांढरट-हिरवी भुकटी, ती सर्किटवर उतरलेली, आणि तीन बारीक पायांमध्ये शेवाळासारखा थर. नखानं खरवडला तर खालचा तांब्याचा पट्टाही सोबत निघाला. दमट पहाटे हा थर ओला झाला की वायर जमिनीकडे ओढली जात असणार, कारण कोडच्या वेळा बहुतेक पहाटेच्या होत्या. आधी एकट्या आतल्या सेन्सरचाच कोड का आला याचा उलगडाही तिथे झाला. लिनमध्ये दाब बॅटरीच्या ६० टक्क्यांच्या वर गेला की एक आणि ४० टक्क्यांच्या खाली आला की शून्य धरतात. मधल्या पट्ट्यात प्रत्येक भागाची समज थोडी वेगळी असते. थर पातळ होता तोवर त्यातल्या एकालाच ऐकू येणं बंद झालं होतं.

नवीन सायरन बसवला. माझ्या गाडीत स्कॅनरनं तो लगेच ओळखला. काही गाड्यांत नव्या भागाची मॉड्यूलशी ओळख करून द्यावी लागते आणि हा स्कॅनर ते सगळ्या गाड्यांसाठी करत नाही. घेण्याआधी आपल्या मॉडेलची यादी नीट तपासा. नंतर काच खाली करून गाडी लॉक केली, अर्धा मिनिट थांबले आणि आत हात हलवला. सायरन वाजला, आणि या वेळी चार कारणांच्या यादीत ‘केबिन सेन्सर’ अशी नोंद आली.

आता खटकलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे ‘सर्व कोड पुसा’ हे बटण पहिल्याच पडद्यावर आहे आणि दाबलं की नोंदींची हकिगतही जाते. ते दाबायच्या आधी मी प्रत्येक पडद्याचा फोटो काढते. त्या फोटोंतल्या वेळा नसत्या तर पहाटेचा धागा सापडला नसता. भागांची नावं विचित्र भाषांतरित आहेत. तिरकेपणाच्या सेन्सरला एका ठिकाणी ‘उतार’ आणि दुसरीकडे ‘ओढून नेणे’ असं म्हटलंय. पूर्ण स्कॅनला चार-पाच मिनिटं लागतात. आणि लिनवरचा सिग्नल लाटेच्या रूपात दिसत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोपच लागतो. स्कॅनर गाडीतल्या ज्या सॉकेटमध्ये लावतात तिथेच विसरलात तर गाडी नीट झोपत नाही आणि बॅटरी उतरते. सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी काढली तरी.

पाचव्या महिन्यात गाडी तीन आठवडे उभी राहिली. स्टार्ट करताना कशीबशी फिरली आणि स्कॅनमध्ये एकदम अकरा कोड, बहुतेक ‘संपर्क नाही’ या घरातले, त्यात तो छतावरचा सेन्सरही. पहिल्यांदा पोटात गोळा आला. पण प्रत्येक कोडच्या हकिगतीत दाब ८.९ ते ९.४ व्होल्ट होता आणि वेळ एकाच मिनिटातली. बॅटरी चार्ज केली, १२.६ वर आणली, कोड पुसले. एकही परत आला नाही.

कोणी घ्यावा? अलार्म, दारं, काचा यांचे कोड स्वतः बघायचे असतील आणि मल्टिमीटर हातात धरायची तयारी असेल, त्यांनी जरूर. कोड वाचून सांगेल तो भाग बदलायचा असेल तर घेऊ नका, चांगले भाग काढून टाकाल. मी तो डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवते आणि महिन्यातून एकदा, धुकं किंवा पाऊस असेल अशा पहाटे, लावून बघते. काल बघितला तेव्हा लिनवरचे तिघंही हजर होते.