२० ऑक्टोबरलाच कॉलेजात जायचं, की दिवाळी करून?

हे टिपण २०२१ च्या ऑक्टोबरातलं, त्यातले नियमही तेव्हाचे. तेव्हाचे उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत यांनी जाहीर केलं आणि कोरोनामुळे बंद असलेली राज्यातली महाविद्यालयं २० ऑक्टोबरपासून उघडायचं ठरलं. अठरा वर्षांवरच्या, कोरोनाच्या लशीचे दोन्ही डोस झालेल्या विद्यार्थ्यांना वर्गात बसता येईल, ज्यांना येता येणार नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन चालू राहील. हजेरी निम्मी की पूर्ण, हे स्थानिक प्रशासन ठरवेल, आणि वसतिगृहं टप्प्याटप्प्यानं उघडतील. मी रसायनशास्त्र शिकवतो. घोषणेच्या दुसऱ्या दिवसापासून पालकांचे फोन सुरू आहेत. विचारणं एकच, "सर, पाठवू का?" उत्तर मात्र प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतंय.

पर्याय तीन: २० तारखेलाच हजर होणं, दिवाळी घरी करून जाणं, किंवा हे सत्र घरूनच काढणं.

आधी लशीचं प्रमाणपत्र उघडा आणि पहिल्या डोसची तारीख बघा. २०२१ च्या नियमानं कोव्हिशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर होतं. पहिला डोस १ ऑगस्टला घेतला असेल तर दुसरा २४ ऑक्टोबरच्या आधी मिळतच नाही. म्हणजे कॉलेज उघडेल त्या दिवशी तुम्ही नियमात बसत नाही. मुंबईत लोकलनं येणार असाल तर आणखी १४ दिवस धरा, कारण तेव्हाच्या नियमानं दुसऱ्या डोसला तेवढे दिवस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. हिशेब ७ नोव्हेंबरवर येतो, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा अशा मुलांनी तिकिटाची घाई करण्यात अर्थ नाही. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लशीचं अंतर २८ दिवसांचं, ती घेतलेले या बाबतीत सुखी.

डोस झालेत असं धरू. मग प्रश्न विषयाचा. बीए, बीकॉमच्या मुलांचं घरून थोडंफार निभतं. विज्ञान, फार्मसी, अभियांत्रिकीचं निभत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय. गेल्या वर्षी रिटॉर्ट स्टँडला रबरबँडनं मोबाइल बांधून मी टायट्रेशन दाखवलं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबानं सोडून किती लागलं ते मोजायचा प्रयोग. फ्लास्कमध्ये गुलाबी रंग येतो, हलवला की जातो, पुन्हा एक थेंब सोडायचा, आणि एका थेंबाला तो जात नाही. तिथं थांबायचं. हे हाताला कळावं लागतं. स्क्रीनवर तर तो गुलाबी पांढराच दिसत होता. नंतर जर्नलं (प्रयोगवह्या) आली. साठ जर्नलांत एकच रीडिंग, ९.८ मिली. चूक मुलांची नव्हती, ब्युरेट (थेंब सोडायची मापाची काचनळी) एकच होतं आणि ते माझ्या हातात होतं. आता एसवायला (पदवीच्या दुसऱ्या वर्षाला) असलेल्या या बॅचनं प्रयोगशाळा जवळजवळ पाहिलेलीच नाही. त्यांनी डोस पूर्ण होताच यावं, दिवाळीचे चार दिवस मधे आले तरी.

घरी राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गेल्या वर्षी सगळेच ऑनलाइन होते, त्यामुळे मीही त्यांच्याकडेच बघून बोलत होतो. आता निम्मा वर्ग समोर असेल आणि निम्मा मोबाइलमध्ये. फळ्याकडे वळलो की घरच्यांना माझी पाठ दिसणार, समोरच्यानं शंका विचारली तर ती त्यांना ऐकूच जाणार नाही. शिक्षक कितीही भला असला तरी समोर बसलेल्याच्या चेहऱ्याकडे त्याचं आधी लक्ष जातं. म्हणजे ऑनलाइन ही सोय कागदावर तीच असली तरी यंदा ती मागच्या बाकासारखी आहे. गच्चीवर चढून रेंज शोधणाऱ्याची तर आणखी पंचाईत.

धोका कुठं जास्त, हेही बघू. पालक वर्गाला घाबरतात. मला वर्गापेक्षा मुलं राहतात त्या खोलीची धास्ती वाटते. गेल्या वर्षी, २०२० मध्ये, अमेरिकेत चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं १० ऑगस्टला वर्ग सुरू केले आणि १७ ऑगस्टला पदवीचे वर्ग पुन्हा ऑनलाइन नेण्याचं जाहीर केलं. पहिले रुग्णसमूह सापडले ते विद्यार्थ्यांच्या निवासांत. परत येणाऱ्या सगळ्यांची चाचणी तिथं सक्तीची नव्हती. इलिनॉय विद्यापीठानं उलट केलं, आठवड्यातून दोनदा लाळेची चाचणी. तरी पार्ट्यांमुळे सुरुवातीला रुग्ण वाढले, पण ते लवकर कळत असल्यानं पुढं आटोक्यात आले. तेव्हा लस नव्हती, आपल्याकडे आता ती आहे, हा मोठा फरक. पण दोन वेळा चाचणी करणारं कॉलेज आपल्याकडे कुठून आणणार? दोन तास मास्क लावून खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात बसणं वेगळं आणि पाच जणांनी एका खोलीत झोपून मेसच्या एकाच बाकावर जेवणं वेगळं. घरून ये-जा करता येत असेल तर २० तारखेला या. खोली घ्यावी लागणार असेल तर दिवाळीनंतर, आणि शक्यतो दोघांचीच.

पैशांचं थोडक्यात सांगतो. कॉलेजं यंदा, २०२१ मध्ये, १५ फेब्रुवारीलाही निम्म्या हजेरीनं उघडली होती. दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागलं. माझ्या एका विद्यार्थ्यानं तेव्हा खोलीसाठी अकरा महिन्यांचा करार केला, राहिला महिनाभर, आणि डिपॉझिटसाठी अजून घरमालकाला फोन करतोय. महिन्याच्या बोलीवर खोली मिळाली तर घ्या, नाहीतर थांबा.

एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) ज्या मुलांना २०२१ च्या ऑक्टोबरात अठरा पूर्ण नव्हती त्यांना लसच नव्हती, त्यामुळे निवडही नव्हती. बारावीची परीक्षा रद्द झाली, आता कॉलेजचा पहिला दिवसही मोबाइलवरच. सगळ्यात जास्त वाईट मला या मुलांचं वाटतं. त्यांनी वर्गातल्या, येऊ शकणाऱ्या एखाद्याशी आत्ताच ओळख करून ठेवावी. वहीचे फोटो तोच पाठवणार आहे.

आणि येणाऱ्यांनी निघण्याआधी एक करा. कोविनच्या (लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळाच्या) प्रमाणपत्रावरचं नाव आयकार्डाशी जुळवून बघा. वडिलांचं नाव गाळलेलं, आडनावाचं स्पेलिंग भलतंच, असे नमुने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज येतात. ते कोविनवर दुरुस्त करता येतं, पण गेटवर वॉचमन अडवून उभा असताना नाही.